सडकेने जाताना

आपल्या वर्धा जिल्ह्यात पूर्वी सडका थोड्या होत्या. सडकेवरची वर्दळही थोडीच होती. बंड्या, सायकली, दिवसातून चार-दोन एसटी गाड्या, आणि बाकी सगळे पायी. पायी चालण्यात तर आपला जिल्हा साऱ्या देशात नावाजलेला. महात्मा गांधी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. रोज सकाळ-संध्याकाळ पायी फिरण्याचा त्यांचा नेम होता. विनोबा १९५१ साली पवनारहून निघाले ते पायीच दिल्लीला गेले, आणि पुढे तेरा वर्षे देशभर पायी हिंडले. तेव्हा सडक पायी चालणाऱ्याची होती. एखादी मोटार आली तर ती भोंगा वाजवायची, मग लोक सावकाश बाजूला व्हायचे.

आता तसे राहिले नाही. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या जाम आणि हिंगणघाटवरून जातो. जुने लोक त्यालाच सात नंबरचा रस्ता म्हणतात. नागपूरहून अमरावतीला जाणारा महामार्ग ५३ कारंजा आणि तळेगाववरून जातो. बुटीबोरीहून वर्धा, देवळीवरून यवतमाळकडे जाणारा ३६१ नंबरचा महामार्ग आहे. आणि २०२२ सालच्या ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला. तोही आपल्या सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. २०२५ साली जून महिन्यात तो मुंबईच्या दारापर्यंत पुरा झाला.

रस्ते झाले हे चांगलेच झाले. बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचते. कापूस एका दिवसात हिंगणघाटच्या बाजारात जातो. पोरीबाळी तालुक्याला शिकायला जातात. पण या रस्त्यांवर माणसेही फार मरतात. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ६८ हजार माणसे रस्त्यावरच्या अपघातांत मेली. २०११ च्या शिरगणतीत वर्धा शहराची वस्ती १ लाख ६ हजार होती. म्हणजे असे दीड शहर एका वर्षात ओस पडले म्हणा ना! मेलेल्यांत दर शंभरात चव्वेचाळीस माणसे फटफटीवरची किंवा स्कूटरवरची होती. ३२ हजारांहून अधिक माणसे तर नुसती पायी चालत होती. ती कोणत्याही गाडीत बसलेली नव्हती.

म्हणून सडकेचे नियम फक्त ड्रायव्हरने शिकावेत हे म्हणणे बरोबर नाही. ज्याच्याकडे सायकलही नाही त्यालाही ते ठाऊक हवेत.

बंडीची चाल आणि मोटारीची चाल

सगळ्या नियमांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे वेग. ही गोष्ट नीट समजली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. म्हणून इथे आपण थोडे थांबू आणि हिशेब करू.

बंडी तासाला साधारण चार किलोमीटर जाते. म्हणजे एका सेकंदात एक मीटर. 'एक' म्हणेपर्यंत बैलाने एक पाऊल टाकलेले असते. आपला डोळा लहानपणापासून या चालीला सरावलेला आहे. बंडी लांब दिसली की आपल्याला कळते, ती येईपर्यंत आपण तीनदा सडक ओलांडू.

आता मोटार पाहा. ती तासाला ६० किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे एका मिनिटात एक किलोमीटर. एका सेकंदात सोळा-सतरा मीटर. 'एक' म्हणेपर्यंत मोटार सतरा मीटर पुढे आलेली असते.

साधी दुपदरी सडक सात मीटर रुंद असते. डोक्यावर भारा असलेल्या बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला ती ओलांडायला सात सेकंद लागतात. सात सेकंदांत मोटार किती येईल? सात सतरा एकोणीसाशे. म्हणजे जवळजवळ सव्वाशे मीटर. याचा अर्थ असा की मोटार सव्वाशे मीटरच्या आत असेल तर आपण थांबायचे. सडकेवर पाऊल टाकायचे नाही.

सव्वाशे मीटर म्हणजे किती, हे डोळ्याला शिकवावे लागते. संध्याकाळी वर्गाला येताना गावच्या वाटेवर, जिथे मोटारी नसतात तिथे, पावणेदोनशे पावले मोजा. तिथे एका माणसाला उभे करा आणि परत येऊन त्याच्याकडे पाहा. तो किती लहान दिसतो! एवढ्या लांबची मोटार पाहून आपण रोज म्हणतो, "येते बाप्पा सावकाश, चल निघून जाऊ." आणि तिथेच चूक होते.

ड्रायव्हरने ब्रेक मारला तर? मारतोच. पण माणूस दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. त्या सेकंदात मोटार सतरा मीटर पुढे जाते. नंतर ब्रेक लागतो आणि गाडी घसरत घसरत थांबते. कोरड्या चांगल्या रस्त्यावरही एकूण पस्तीस-चाळीस मीटर लागतात. रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत झालेले असतील, किंवा मागे भरलेला ट्रक असेल तर याहून पुष्कळ जास्त. वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यानंतरची घसरण दुप्पट होत नाही, चौपट होते. हे मात्र गाडी चालवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. समृद्धी महामार्गावर मोटारीला तासाला १२० किलोमीटरपर्यंत जाण्याची मुभा आहे. तिथे समोरचे संकट दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत शंभर मीटरच्या वर जागा लागते.

पायी चालणाऱ्याने

आपल्या देशात गाड्या डाव्या बाजूने चालतात. 'डावीकडून चला' ही पाटी सगळ्यांनी पाहिली आहे. पण हा नियम चाकांचा आहे. बंडी, सायकल, फटफटी, ट्रक या सगळ्यांनी डावीकडूनच जावे. पायी चालणाऱ्यासाठी पदपथ असेल तर त्याने पदपथावरून जावे. गावाकडच्या सडकेला पदपथ नसतो. तिथे सडकेच्या उजव्या कडेने, डांबर सोडून चालणे शहाणपणाचे. याचे कारण सोपे आहे. उजव्या कडेने चालले की जवळची गाडी समोरून येते. ती आपल्याला दिसते. डाव्या कडेने चालले की ती पाठीमागून येते, आणि पाठीला काही डोळे नसतात.

सडक ओलांडताना आधी उजवीकडे पाहावे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. पहिल्यांदा उजवीकडे का? कारण आपण ज्या कडेला उभे असतो, तिकडची गाडी उजवीकडूनच येते. तीच आपल्या सर्वांत जवळ असते. ओलांडताना धावू नये. धावणारा पडतो, आणि डांबरावर पडलेला माणूस ड्रायव्हरला लवकर दिसत नाही.

एसटीतून उतरल्यावर गाडीच्या पुढून कधीही सडक ओलांडू नका. गाडीच्या आडून आपल्याला पलीकडचे दिसत नाही, पलीकडच्याला आपण दिसत नाही. गाडी जाऊ द्या. अर्धा मिनिट लागतो. बाजाराच्या दिवशी हातात पिशव्या आणि लेकरू असले की हा अर्धा मिनिट फार मोठा वाटतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी जाऊ द्या. लेकराचा हात धरताना त्याला सडकेच्या बाजूला ठेवू नका, शेताच्या बाजूला ठेवा.

शहरात चौकाजवळ सडकेवर पांढरे जाड पट्टे ओढलेले असतात. ती पायी चालणाऱ्याची जागा आहे. जिथे सिग्नल नाही अशा पट्ट्यांवर माणूस पाय ठेवून असेल तर गाडीवाल्याने थांबून त्याला जाऊ दिले पाहिजे, असा कायदा आहे. कायदा आहे, पण सगळे गाडीवाले तो पाळत नाहीत. म्हणून हक्क आपला असला तरी गाडी थांबलेली पाहूनच पुढे व्हावे. वर्ध्याच्या बजाज चौकात किंवा आर्वी नाक्यावर गर्दीच्या वेळी दहा मिनिटे उभे राहिले तर आम्ही काय म्हणतो ते कळेल.

बंडी, ट्रॅक्टर आणि गुरेढोरे

कापसाच्या दिवसांत बंड्या आणि ट्रॅक्टर रात्री निघतात. पहाटे बाजारात नंबर लागावा म्हणून. थंडीचे दिवस, कधी धुके. बंडीला दिवा नसतो. ट्रॅक्टरला पुढे दिवा असतो, पण मागच्या ट्रॉलीला काहीच नसते. आणि कापूस असा भरलेला असतो की तो ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेला. मागून येणाऱ्या फटफटीवाल्याला अंधारात ही काळी भिंत दिसत नाही. समोरून गाडीचा झोत डोळ्यांवर आला म्हणजे तर मुळीच दिसत नाही. तो थेट जाऊन आदळतो.

यावर उपाय स्वस्त आहे. उजेड पडला की चमकणारी पट्टी बाजारात मिळते. बंडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी लावावी, पुढे पांढरी. दोन्ही कोपऱ्यांना लावावी, म्हणजे रुंदी कळते. पट्टीवर कापूस किंवा ताडपत्री येऊ देऊ नये, आणि चिखल उडाला तर पुसावी. पट्टी नसेल तर मागे कंदील टांगावा. ट्रॉली बंद पडली तर ती सडकेवरून खाली ओढावी. ओढता येत नसेल तर मागे बऱ्याच अंतरावर माणूस दिवा घेऊन उभा करावा. चाकामागे दगड लावतात, ते ठीक. पण ट्रॉली निघाल्यावर तो दगड सडकेवरच सोडून जातात, हे काही ठीक नाही. पुढच्या फटफटीवाल्याचे मरण त्या दगडात असते.

बाजारातून परत येताना बंडीवाला कासरा सोडून झोपतो. बैल घर ओळखतात, हे खरे. पण ट्रक बैलांना ओळखत नाही. मोठ्या सडकेवर बंडीत झोपू नये. ट्रॉलीत माणसे भरून लग्नाला किंवा कापूस वेचायला नेणेही नियमाच्या बाहेर आहे. ट्रॉली मालाची आहे. वळणावर उलटली तर आतले माणूस धरणार कशाला?

गुरे ओलांडायची असतील तर एक माणूस पुढे आणि एक मागे हवा. पुढच्याने आधी सडकेच्या मधोमध जाऊन हात दाखवावा, मग गुरे सोडावीत.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती काहींना आवडणार नाही. सोयाबीन, तूर, चना निघाला की आपण तो डांबरी सडकेवर वाळत घालतो. खळे राहिले नाही, सडक गरम असते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी मळणीही होते. भोवती दगड आणि काट्या मांडतो. पण सोयाबीनचे दाणे म्हणजे सडकेवर पसरलेल्या गोट्याच. फटफटीचे चाक त्यावर गेले की गाडी अशी घसरते की सावरता येत नाही. बाजूने जावे तर समोरून गाडी. दोन पायल्या सोयाबीन वाळवण्यासाठी हे करू नये. ग्रामपंचायतीने गावाजवळ सिमेंटचे खळे करून द्यावे, ही मागणी ग्रामसभेत जरूर करा. ती मागणी रास्त आहे. पण खळे होईपर्यंत माल ताडपत्रीवर वाळवा, सडकेवर नको.

सायकलवाल्याने

एके काळी सायकलवर डबलसीट बसले किंवा रात्री बिगरबत्तीचे निघाले तर पोलीस पकडायचा. म्हातारी माणसे अजून हसून त्या गोष्टी सांगतात. आता कोणी पकडत नाही, म्हणून बत्तीही कोणी लावत नाही. पण बत्ती पोलिसासाठी नव्हतीच. मागून येणाऱ्याला आपण दिसावे म्हणून ती होती. निदान मागच्या चाकावर लाल चमकणारी काच असू द्या.

सायकल डाव्या कडेने, एकामागे एक चालवावी. दोघांनी गोष्टी करीत जोडीने जाऊ नये. डावीकडे वळायचे असेल तर डावा हात आडवा करावा, उजवीकडे वळायचे तर उजवा. सायकलवाल्याला सर्वांत मोठा धोका उजवीकडे वळताना असतो. तेव्हा तो सगळी सडक कापून जातो आणि मागच्याला त्याच्या मनातले कळत नाही. मोठ्या सडकेवर उजवीकडे जायचे असेल तर डाव्या कडेला उतरावे, दोन्हीकडे पाहावे, आणि सायकल हातात धरून पायी ओलांडावे. यात कमीपणा काही नाही.

फटफटीवाल्याने

डोके वाचवायला हेल्मेट घालावे, हे सर्वांना तोंडपाठ आहे. तरी विचारले की उत्तर येते, "काहून घालायचे भाऊ? वावरातच तर जाऊन राहिलो!" वावर दोन किलोमीटरवर असते आणि मध्ये महामार्ग असतो. डोके आपटायला लांबचा प्रवास लागत नाही. २०२२ साली देशात दुचाकीवरचे जे लोक मेले, त्यांतल्या ५० हजारांवर लोकांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांत १४ हजार लोक मागे बसलेले होते. कायद्याने हेल्मेट चालवणाऱ्यालाही लागते आणि मागे बसणाऱ्यालाही लागते. आयएसआय शिक्का पाहून घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडण्याआधीच उडून जाते.

फटफटीवर दोनच माणसे बसायची. चालवणारा एक, मागे एक. बायकांनी मागे बसताना पदर किंवा ओढणी कमरेला खोचून घ्यावी. मागच्या चाकावर जाळी लावलेली असते, ती यासाठीच. ती खटखट वाजते म्हणून काढून टाकणारे लोक आहेत. तिने गळ्यातली ओढणी चाकात जात नाही, हे त्यांनी घरच्या बायकांना विचारून मग काढावी.

आता एका अवघड गोष्टीकडे येऊ. पंधरा वर्षांचा पोरगा बापाची गाडी घेऊन शाळेत जातो. बापालाही बरे वाटते, पोट्टा मोठा झाला. कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. गिअरची गाडी चालवायला वय १८ पुरे लागते. १६ वर्षांच्या मुलाला फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी परवाना काढून चालवता येते, आणि आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे गुन्हेगार मुलाचा पालक किंवा गाडीचा मालक ठरतो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. पंचवीस वर्षांपर्यंत परवाना नाही म्हणजे ड्रायव्हरची नोकरी नाही, आणि जिथे गाडी लागते ते कोणतेही काम नाही.

यावर कोणी म्हणेल, "शाळा सात किलोमीटर, एसटी येत नाही, पोराने जावे कसे?" प्रश्न खरा आहे. आम्ही तो उडवून लावीत नाही. शाळेच्या वेळेची एसटी मागण्यासाठी सगळ्या गावाने मिळून आगाराला अर्ज द्यावा, आता तर आपल्याला अर्ज लिहिता येतो. तोवर सायकल आहे.

परवाना वर्ध्याच्या आरटीओ कार्यालयात मिळतो. आपल्या गाड्यांवर 'एमएच ३२' लिहिलेले असते, तो आपल्या जिल्ह्याचाच नंबर. आधी शिकाऊ परवाना निघतो. तो सहा महिने चालतो. तीस दिवसांनंतर गाडी चालवून दाखवायची आणि पक्का परवाना घ्यायचा.

परवान्याइतकाच विमा महत्त्वाचा. गाडीने दुसऱ्याला लागले तर भरपाई देण्यासाठी जो विमा असतो, तो प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. पुष्कळ लोक गाडी घेताना विमा काढतात आणि मुदत संपली की विसरतात. मग अपघात होतो. समोरचा माणूस दगावतो. न्यायाधिकरण भरपाई ठरवते आणि ती लाखांत असते. विमा असता तर कंपनीने भरली असती. नाही, म्हणून मालकाने भरायची. मालकाकडे असते काय? तीन एकर वावर! आपल्या गाडीच्या कागदावर विम्याची तारीख कुठे लिहिली आहे ते आज घरी गेल्यावर शोधा. वाचायला शिकल्याचा हा एक रोकडा उपयोग.

खुणा वाचा

सडकेवरच्या खुणा अक्षरांपेक्षा सोप्या असतात. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे 'सावध'. पुढे वळण, शाळा, अरुंद पूल, रेल्वे फाटक असे काही आहे. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा. गोलात ५० लिहिले असेल तर पन्नासच्या वर जायचे नाही. निळी चौकोनी पाटी माहिती देते, जसे पुढे दवाखाना, पेट्रोल पंप. आठ कोनांची लाल पाटी म्हणजे थांबा.

सडकेच्या मधली पांढरी रेघ तुटक असेल तर समोर मोकळे पाहून उजवीकडून पुढच्या गाडीच्या पुढे जाता येते. रेघ सलग असेल तर ती ओलांडायची नाही. वळणावर, चढावर, पुलावर आणि चौरस्त्यावर पुढे जायचा प्रयत्न कधीच करू नये.

मैलाचे दगडही बोलतात. दगडाचे डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग, नारंगी असेल तर गावचा रस्ता.

रात्र, रोही आणि दारू

आपल्याकडे बोरचे जंगल आहे, कारंजाकडचे रान आहे, आणि सगळीकडे रोही आणि रानडुकरे आहेत. रात्री ती उजेडाला बुजून गाडीच्या पुढ्यातच उडी घेतात. एक रोही गेला की मागे आणखी असतात. म्हणून रानातून जाताना वेग आधीच कमी असावा. पूल आला की तसेच. पुलावर गाडीला बाजूला उतरायला जागा नसते. २०२२ सालच्या २४ जानेवारीच्या रात्री देवळी-वर्धा मार्गावर सेलसुऱ्याजवळ एक मोटार पुलावरून खाली कोसळली. आत सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी सात मुले होती. सातही गेली. ती पुढे डॉक्टर होऊन किती अपघातातली माणसे वाचवणार होती!

आपल्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. म्हणून आपल्या सडकेवर पिऊन गाडी चालवणारा नाही, असे समजू नका. वर्धा नदीच्या पलीकडे दुसरा जिल्हा लागतो. पिणारे तिकडे जातात आणि रात्री गाडीनेच परततात. बंदीमुळे पिणाऱ्याचा प्रवास वाढला, हे बोलायला कडू आहे पण खरे आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली तर पहिल्या गुन्ह्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पिणाऱ्याच्या मागे बसू नका. तो भाऊ असो की जावई असो, किल्ली काढून घ्या.

समृद्धी महामार्गावर फटफटी, ऑटो, ट्रॅक्टर, बंडी, सायकल आणि पायी माणूस यांना मनाई आहे. पलीकडे वावर असेल त्यांच्यासाठी खालून बोगदे ठेवले आहेत. बोगद्याला वळसा पडतो म्हणून कुंपण तोडून वरून जाऊ नका. तिथे मोटार एका सेकंदात तेहतीस मीटर येते. वर केलेला हिशेब पुन्हा करून पाहा.

अपघात दिसला तर

सडकेवर माणूस पडलेला दिसतो. लोक गोळा होतात, पाहतात, कोणी मोबाईलवर चित्र घेते. उचलत कोणी नाही. "पोलीस केस होईल, कोर्टाच्या चकरा होतील," ही भीती असते. पूर्वी ती भीती खोटी नव्हती. आता कायदा बदलला आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली संसदेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. तुम्ही जखमीला दवाखान्यात नेले तर तुमच्यावर कोणताही खटला होत नाही. पोलीस किंवा दवाखाना तुम्हाला नाव सांगायची सक्ती करू शकत नाही. तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, पैसेही मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे.

पहिले काम १०८ नंबर लावायचे. फोन करताना गाव, सडक आणि जवळच्या मैलाच्या दगडावरचा आकडा सांगावा, म्हणजे गाडी शोधत फिरत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घडी करून जखमेवर दाबून धरावे, सोडून सोडून पाहू नये. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. ते श्वासनळीत जाते. मानेला किंवा पाठीला मार वाटत असेल तर त्याला उगाच उठवून बसवू नये. रुग्णवाहिका मागून आली तर सर्वांनी डावीकडे होऊन वाट द्यावी.

खर्चाचे काय? मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना लागू झाली आहे. कोणत्याही सडकेवर मोटारवाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला, योजनेत घेतलेल्या दवाखान्यात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरता मिळतो. तो गरीब आहे की श्रीमंत आहे हे पाहिले जात नाही. दवाखान्यात पोचल्यावर ही योजना नाव घेऊन विचारा.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरीही घरच्यांनी हात टेकू नयेत. एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि जबर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली असली पाहिजे. नोंदीची नक्कल, दवाखान्याचे कागद आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडून आपल्या तहसीलदाराकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ही भरपाई पुष्कळ घरे मागतच नाहीत, कारण ती त्यांना ठाऊकच नसते. तुमच्या गावात गेल्या काही वर्षांत असे कोणाचे झाले असेल, तर हा भाग त्या घरी जाऊन वाचून दाखवा.